मलनिस्सारण शुल्काचा दर कसा ठरवावा: खर्चाच्या हिशेबापासून महासभेच्या ठरावापर्यंत

अंदाजपत्रकाच्या हंगामात अनेक महानगरपालिकांमध्ये मलनिस्सारण दरवाढीचा प्रस्ताव एका टक्केवारीच्या रूपाने येतो आणि तसाच तहकूब होतो. दहा टक्केच का, आठ किंवा पंधरा का नाहीत, या पहिल्याच प्रश्नाला प्रशासनाकडे उत्तर नसते, कारण टक्केवारी आधी ठरलेली असते आणि हिशेब नंतर जुळवलेला असतो. दर हा कामाचा शेवट असतो. त्याआधी खर्च, जोडण्या, वसुली आणि आकारणीची पद्धत या क्रमाने कागद तयार व्हावे लागतात. हा क्रम चुकला, की रास्त वाढसुद्धा सभागृहात टिकत नाही आणि मंजूर झाली तरी बिलावर नीट उतरत नाही.

पुढील टप्पे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खालील शहरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. बृहन्मुंबईला १८८८ चा आणि नगरपरिषदांना १९६५ चा स्वतंत्र कायदा लागू असल्याने तेथे कलमे व मंजुरीची वाट वेगळी असते. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. मलनिस्सारण विभाग आणि लेखा विभागातील अधिकारी, नव्याने निवडून आलेले नगरसेवक आणि अंदाजपत्रक वाचणाऱ्या नागरी संघटना या सर्वांना तो क्रम सारखाच उपयोगी पडावा.

## टप्पा १: आपण कर घेतो की शुल्क, हे आधी निश्चित करा

एकाच शहराच्या बिलांवर मलप्रवाह कर, मलनिस्सारण लाभ कर आणि मलनिस्सारण आकार अशी तीन नावे दिसू शकतात आणि तिघांचा कायदेशीर आधार सारखा नसतो. मालमत्ता कराचा घटक म्हणून घेतली जाणारी रक्कम करपात्र किंवा भांडवली मूल्यावर बसते. वापरानुसार घेतले जाणारे शुल्क पाण्याच्या मापावर किंवा जोडणीवर बसते. करासाठी दर ठरवण्याची वेळ कायद्यानेच बांधलेली आहे: अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे स्थायी समितीच्या प्रस्तावांचा विचार करून पुढील वर्षाचे करदर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करायचे असतात. शुल्काची वाट आपल्या शहराच्या नियम, उपविधी आणि पूर्वीच्या ठरावांत शोधावी लागते.

शुल्काच्या बाबतीत आणखी एक बंधन लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात कर आणि शुल्क यांतील फरक स्पष्ट केला, त्यानुसार शुल्काचा संबंध दिलेल्या सेवेशी असावा लागतो. पुढील निकालांनी पैशापैशाचा हिशेब जुळण्याची अट सैल केली असली, तरी मलनिस्सारण शुल्कातून रस्त्यांचे डांबरीकरण दाखवणारा प्रस्ताव हरकतीपुढे उभा राहू शकत नाही.

म्हणून या टप्प्यावर एकच नस्ती तयार करावी. तीत सध्याचा दर ज्या ठरावाने लागू झाला तो ठराव, त्याचे कायम झालेले इतिवृत्त, त्यानंतरच्या सर्व सवलतींचे ठराव आणि विधी विभागाचा लेखी अभिप्राय असावा.

तपासणी: सध्याच्या दराचा मूळ ठराव हाती नसेल तर पुढे जाऊ नका. मूळ दर कोणत्या खर्चावर आधारला होता हे माहीत नसताना त्यावर चढवलेली टक्केवारी जुनी चूक फक्त मोठी करते.

## टप्पा २: मलनिस्सारणाचा खरा खर्च वेगळा काढा

सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा. मलनिस्सारणाचा खर्च महापालिकेच्या लेख्यांत एका जागी क्वचित सापडतो. पंपिंग स्टेशनचे वीजबिल विद्युत विभागाच्या लेखाशीर्षावर, कर्मचाऱ्यांचे वेतन आस्थापनेवर, जेटिंग मशीन व सक्शन गाड्यांचे इंधन यांत्रिकी विभागावर, चेंबरची झाकणे प्रभाग समितीच्या निधीतून आणि कर्जाचा हप्ता सर्वसाधारण निधीतून गेलेला असतो. मलनिस्सारण विभागाच्या नावावरील रक्कम तेवढी धरली, तर खर्च प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो आणि सध्याचा दर पुरेसा आहे असा खोटा समज तयार होतो.

मागील तीन वर्षांचे प्रत्यक्ष खर्च, म्हणजे अंदाजपत्रकी तरतुदी नव्हे तर लेखापरीक्षण झालेले आकडे, पुढील क्रमाने मांडावेत.

१. वीज. प्रत्येक पंपिंग स्टेशन आणि मलजल शुद्धीकरण केंद्राचे बारा महिन्यांचे बिल ग्राहक क्रमांकानुसार घ्या. महावितरणच्या दरपत्रकात सार्वजनिक पाणीपुरवठा व सांडपाणी प्रक्रिया यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. एखादे स्टेशन चुकून वेगळ्या वर्गात लागले असेल किंवा पॉवर फॅक्टरचा (वीज कार्यक्षमतेने न वापरल्याचा) दंड दर महिन्याला भरला जात असेल, तर तो खर्च नागरिकांच्या दरात घालण्याआधी दुरुस्त करून घ्यावा.

२. मनुष्यबळ. कायम, मानधनावरील आणि ठेकेदाराकडील असे तीन गट वेगळे दाखवा. निवृत्तिवेतनाचा वाटा विसरू नका.

३. शुद्धीकरण केंद्राचे परिचालन. ठेक्याची रक्कम, रसायने, गाळाची विल्हेवाट, प्रयोगशाळेतील चाचण्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी पाळण्याचा खर्च यात येतो. नवे केंद्र पुढील वर्षी सुरू होणार असेल तर त्याचा खर्च आजच धरावा. केंद्र व राज्य सरकारच्या अनुदानातून शुद्धीकरण केंद्र उभे राहते, पण ते चालवण्याची वीज अनुदानातून येत नाही, आणि केंद्र सरकारच्या अमृत योजनेतील अनेक शहरांची गाडी नेमकी इथेच अडते.

४. वाहिन्यांची सफाई आणि दुरुस्ती. हाताने मैला उपसण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. चोकअप काढण्यासाठी यंत्रे, प्रशिक्षित चालक, वायुतपासणीची उपकरणे आणि सुरक्षा साहित्य यांचा पूर्ण खर्च दरात असायलाच हवा. ही रक्कम कापून दर कमी ठेवणारे शहर ती बचत चेंबरपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर करत असते, आणि म्हणून या ओळीवर तडजोड मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

५. कर्ज आणि नूतनीकरण राखीव. कर्जाचा मुद्दल व व्याजाचा हप्ता, आणि जुन्या वाहिन्या व पंप बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला ठेवायची रक्कम. घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी धरलेली रक्कम) आणि नूतनीकरण राखीव हे दोन्ही एकाच मालमत्तेसाठी धरले, तर तोच खर्च दोनदा मोजला जातो.

सावध: पावसाळी गटारांचा खर्च यात मिसळू नये. ज्या शहरात पावसाचे पाणी मलवाहिनीत शिरते, तेथे पावसाळ्यातील पंपिंगचा वाढीव खर्च वेगळा दाखवावा, कारण तो घरातील सांडपाण्यामुळे होत नाही आणि त्याचा उपाय दरवाढ हा नसतो.

## टप्पा ३: जोडण्यांची यादी प्रत्यक्षाशी ताडून पाहा

मालमत्ता कराची यादी, पाणीपट्टीची यादी आणि मलनिस्सारण जोडण्यांची नोंदवही या तिन्ही याद्या एकमेकींशी जुळवल्या, की चार प्रकारचे फरक हाती लागतात: जोडणी आहे पण बिल नाही; बिल आहे पण मलवाहिनीच नाही; नळाचे पाणी थोडे आणि बोअरवेल किंवा टँकरचे पाणी भरपूर; आणि निवासी म्हणून नोंदलेल्या जागेत हॉटेल, लॉन्ड्री किंवा रुग्णालय.

तिसऱ्या प्रकाराकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. शहराच्या वाढत्या बाजूंना मोठे गृहप्रकल्प वर्षभर टँकरवर चालतात. ते पाणी महापालिकेच्या मीटरमधून जात नाही, पण त्याचे सांडपाणी महापालिकेच्याच मलवाहिनीत येते. शुल्क केवळ नळाच्या मीटरवर बांधले असेल तर हा भार जुन्या पेठांतील नळधारकांवर पडतो.

दुसऱ्या प्रकारातील मालमत्तांना सेप्टिक टँक असतात. मलवाहिनीच नसलेल्या घराकडून मलवाहिनीचे शुल्क घेऊ नये. त्यांच्यासाठी मैला उपशाची वेगळी सेवा व वेगळी आकारणी ठेवावी. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी प्रत्येक सेप्टिक टँक ठरावीक चक्राने रिकामी करण्याची व्यवस्था उभी केली आणि तिचा खर्च कराच्या उत्पन्नातून भागवला. लहान शहरांना तो मार्ग अभ्यासण्याजोगा आहे.

तपासणी: प्रत्येक प्रभागातील काही गल्ल्या निवडून कनिष्ठ अभियंता आणि कर निरीक्षक यांनी एकत्र पाहणी करावी. दोन विभागांनी स्वतंत्र पाहणी केली, तर फरक मिटत नाहीत, फक्त दोन अहवाल तयार होतात.

## टप्पा ४: वार्षिक गरज आणि मागणी यांतील फरक मांडा

येथे एक काल्पनिक शहर घेऊन हिशेब करून दाखवतो. वीज ७ कोटी, मनुष्यबळ साडेपाच कोटी, शुद्धीकरण केंद्र साडेचार कोटी, सफाई व दुरुस्ती ३ कोटी आणि चाचण्या व इतर खर्च १ कोटी, म्हणजे परिचालन व देखभाल २१ कोटी रुपये. त्यात कर्जाचा हप्ता ४ कोटी आणि नूतनीकरण राखीव ५ कोटी मिळवले की ३० कोटी होतात. प्रक्रिया केलेले पाणी उद्योगांना विकून दीड कोटी मिळत असतील, तर ते वजा करून दरातून हाती पडायची रक्कम साडेअठ्ठावीस कोटी राहते.

हीच रक्कम बिलांवर वाटली, तर वर्षअखेरीस तूट येणार हे नक्की, कारण बिल केलेला प्रत्येक रुपया त्याच वर्षी वसूल होत नाही. मागणी-वसुली-शिल्लक नोंदवहीतून चालू मागणीच्या, म्हणजे त्या वर्षी बिल केलेल्या रकमेच्या, वसुलीचे प्रमाण काढा. जुन्या थकबाकीची वसुली त्यात मिसळू नका. ते ७६ टक्के असेल, तर साडेअठ्ठावीस कोटी हाती येण्यासाठी साडेसदतीस कोटींची मागणी काढावी लागते. बिलाखालील सांडपाणी वर्षाला अडीच कोटी घनमीटर धरले, तर दर घनमीटरला १५ रुपये येतो. वसुली ९० टक्क्यांवर नेली तर तोच दर सुमारे १२ रुपये ६७ पैसे होतो.

या दोन आकड्यांमधील अंतर, म्हणजे २ रुपये ३३ पैसे, हा वेळेवर बिल भरणाऱ्याने न भरणाऱ्यासाठी उचललेला भार आहे. तो प्रस्तावात उघडपणे छापावा. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००८ च्या सेवास्तर निर्देशांकांत मलजल सेवेसाठी खर्चवसुलीचे लक्ष्य १०० टक्के आणि आकारणी वसुलीचे ९० टक्के आहे. दर ठरवताना ९० टक्के गृहीत धरायचे असतील, तर वसुली तेथे नेण्याचा महिनावार कार्यक्रमही त्याच प्रस्तावाला जोडावा. कार्यक्रमाशिवाय धरलेले ९० टक्के म्हणजे कागदावर लपवलेली तूट असते.

सावध: नव्या जोडणीचे एकरकमी शुल्क आणि बांधकाम परवानगीतून येणारे विकास शुल्क चालू खर्चासाठी वजा करू नका. बांधकामांचा वेग मंदावला की हे उत्पन्न आटते, वीजबिल मात्र चालूच राहते. ही रक्कम नव्या वाहिन्यांसाठीच ठेवावी.

## टप्पा ५: आकारणीची पद्धत निवडा

रक्कम ठरल्यावर ती कोणावर कशी वाटायची हा प्रश्न येतो, आणि सभागृहातील खरी चर्चा इथेच व्हायला हवी.

पाणीबिलाच्या टक्क्यांत मलनिस्सारण आकार घेणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. मुंबईत तो जल आकाराच्या ७० टक्के घेतला जातो. एकच बिल, एकच मीटर, वसुलीचा वेगळा खर्च नाही. मात्र पाण्याचा दर गोठला की मलनिस्सारणाचा दरही गोठतो, पाण्यावरील प्रत्येक सवलत इकडे आपोआप लागू होते आणि बोअरवेलचे पाणी सुटते. शुद्धीकरणाचा खर्च वाढत असताना पाण्याचा खर्च तितका वाढला नाही, तर ठरलेला टक्का दोन-तीन वर्षांत निरर्थक होतो.

पाण्याच्या मापावर स्वतंत्र दर लावणे अधिक न्याय्य ठरते. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे केंद्र सरकारच्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेत धरले जाते. दरडोई रोज १३५ लिटर पाण्याच्या हिशेबाने पाच जणांच्या कुटुंबाचे दिवसाला ६७५ लिटर पाणी आणि ५४० लिटर सांडपाणी होते, म्हणजे तीस दिवसांत १६.२ घनमीटर. वरच्या उदाहरणातील १५ रुपये दराने त्याचे महिन्याचे बिल २४३ रुपये येते. टँकर व बोअरवेल वापरणाऱ्या सोसायट्यांसाठी सदनिकांच्या संख्येवर किंवा सोसायटीच्या सांडपाणी मापकावर आकारणी ठेवावी.

जेथे मीटरच नाहीत, तेथे नळजोडणीच्या आकारानुसार म्हणजे अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच असे गट करून सपाट दर घ्यावा लागतो. ही पद्धत तात्पुरती समजावी आणि मीटर बसवण्याची मुदत ठरावातच लिहावी.

कोणत्याही पद्धतीत दराचे दोन भाग करणे शहाणपणाचे ठरते: दरमहा ठरावीक रक्कम आणि वापरानुसार रक्कम. मलनिस्सारणाचा मोठा खर्च वापराबरोबर कमी होत नाही. उन्हाळ्यात पाणीकपात झाली तरी कर्मचारी, कर्ज आणि देखभाल तशीच राहते. पूर्ण दर मापावर ठेवला, तर पाणीटंचाईच्या वर्षी मलनिस्सारणाचा निधीही कोरडा पडतो. ठरावीक रक्कम फार मोठी ठेवली, तर एका खोलीतील कुटुंबाला ती टोचते. हा तोल महासभेने ठरवायचा आहे, प्रशासनाने तीन पर्याय आकड्यांसह समोर ठेवायचे आहेत.

## टप्पा ६: वाढ टप्प्यांत बसवा आणि सवलतीचा पैसा दाखवा

उदाहरणातील शहराचा सध्याचा दर ८ रुपये असेल, तर तो एकदम १५ करणे म्हणजे ८७.५ टक्के वाढ. चार वर्षांत तेथे पोचायचे तर दरवर्षी सुमारे १७ टक्के लागतात. वसुली ९० टक्क्यांवर नेली तर सुमारे १२ टक्क्यांत भागते. या हिशेबात महागाई धरलेली नाही, ती प्रत्येक वर्षाच्या खर्चात वेगळी चढवावी लागेल. मधल्या वर्षांतील तूट कोणत्या निधीतून भरली जाणार, हेही याच तक्त्यात लिहिले पाहिजे.

मुंबईत स्थायी समितीने २०१२ मध्ये दरवर्षी कमाल ८ टक्क्यांपर्यंत पाणी व मलनिस्सारण दरवाढीची मुभा आयुक्तांना दिली आणि वाढ त्या वर्षीच्या खर्चवाढीशी जोडली. असा बहुवार्षिक ठराव दरवर्षीची ओढाताण कमी करतो. तरीही काही वर्षी तेथे वाढ लागू झाली नाही, त्यामुळे एखादे वर्ष वगळल्यास त्या वर्षाची तूट पुढे कशी भरायची याचे कलम ठरावात आधीच असावे.

झोपडपट्ट्या, लहान घरे आणि धर्मादाय रुग्णालये यांना सवलत देण्यास माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र किती जोडण्यांना, किती रकमेची आणि कोणत्या लेखाशीर्षातून, हे तीन रकाने भरल्याशिवाय सवलत मंजूर करू नये. रकाने रिकामे राहिले की तो पैसा दुरुस्तीच्या निधीतून जातो, आणि ज्यांच्यासाठी सवलत दिली त्यांच्याच वस्तीतील चेंबर सर्वांत आधी तुंबते.

## टप्पा ७: विषयपत्र आणि वेळापत्रक

करासाठी २० फेब्रुवारी ही तारीख धरून उलट मोजणी करा. ऑक्टोबरमध्ये खर्चाचे तक्ते, नोव्हेंबरमध्ये याद्यांची ताडणी, डिसेंबरमध्ये दराचे पर्याय व विधी अभिप्राय, जानेवारीच्या सुरुवातीला स्थायी समितीपुढे विषयपत्र (सभेपुढे ठेवायचा लेखी प्रस्ताव) आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात महासभा, असे वेळापत्रक व्यवहार्य आहे. प्रशासक नेमलेला असेल, तर सभागृहाचे अधिकार त्याच्याकडे असतात. म्हणून तक्ते प्रसिद्ध करण्याचे कारण कमी होत नाही, उलट वाढते.

विषयपत्रात सध्याचा व प्रस्तावित दर, खर्चाचा तक्ता, वसुलीचे गृहीतक, लहान घर, मोठी सदनिका, दुकान आणि हॉटेल अशा चार नमुना बिलांवरील फरक, सवलतीचा भार आणि लागू होण्याची तारीख असावी. नमुना बिले रुपयांत द्या. नागरिक आपले बिल टक्क्यांत भरत नाही.

कायद्याने सक्ती असो वा नसो, प्रस्ताव स्थायी समितीपुढे जाण्याआधी संकेतस्थळावर व प्रभाग कार्यालयांत ठेवून हरकती मागवाव्यात आणि प्रत्येक हरकतीवरील उत्तर विषयपत्राला जोडावे.

सावध: महासभेत बहुतेक वेळा उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवणारी सूचना, येते: "दरवाढ निम्मी करून मंजूर." तिला सूचक-अनुमोदक मिळतात, ठराव होतो, आणि उरलेल्या रकमेचे काय हे कुठेच लिहिले जात नाही. लेखा विभागाने प्रत्येक शक्य उपसूचनेचा, म्हणजे पाव, अर्ध्या व पाऊण वाढीचा, आर्थिक परिणाम दाखवणारा एक पानी तक्ता सभेत तयार ठेवावा आणि नगरसचिवांनी तो इतिवृत्तात घ्यावा.

## टप्पा ८: अंमलबजावणी आणि पहिल्या वर्षाची तपासणी

ठराव मंजूर झाल्यावर संगणकप्रणालीतील दर बदलण्याआधी प्रत्येक वर्गातील काही बिले हाताने काढून ताडावीत. दर १ एप्रिलपासून लागू असेल आणि मीटरवाचन मार्चच्या मध्यापासून मेपर्यंतचे असेल, तर मार्चमधील वापराला जुना दर लागला पाहिजे. या एका चुकीमुळे हजारो तक्रारी येतात आणि संपूर्ण दरवाढ बदनाम होते. पहिल्या बिलासोबत जुना दर, नवा दर आणि पैसा कशावर खर्च होणार हे सांगणारे पत्रक द्यावे.

जमा होणारी रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी आणि दर तिमाहीला मागणी, वसुली व खर्च यांचा तक्ता स्थायी समितीपुढे मांडावा. बिलाविरुद्धच्या तक्रारी प्रभागनिहाय नोंदवून सप्टेंबरअखेर निकाली काढाव्यात, म्हणजे चुकीच्या नोंदी ऑक्टोबरमधील नव्या तक्त्यांत पुन्हा शिरणार नाहीत.